वडखळ : नाका, बांध आणि ग्रामपंचायत

(खारेपाटातील ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचे लेखरूप)



वडखळ हे नाव महाराष्ट्रात जितक्या लोकांना ठाऊक आहे, तितक्यांना वडखळ गाव ठाऊक नाही. गणपतीसाठी मुंबईहून कोकणात उतरणारा चाकरमानी, अलिबागेस जिल्हा कचेरीत कामासाठी निघालेला शेतकरी, कोर्टात तारीख असलेला पक्षकार, समुद्रकिनारी सुटी घालवावयास जाणारे कुटुंब, या सर्वांच्या तोंडी वडखळचे नाव येते. परंतु ते 'वडखळ नाका' असे येते. नाका म्हणजे जेथे गाडी वळते ती जागा. तेथे चहा घ्यावा, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एखादी माळ विकत घ्यावी आणि पुढे निघावे. नाक्याच्या मागे एक गाव आहे, त्या गावाला शेती आहे, शेतीला बांध आहे, आणि या साऱ्याचा कारभार पाहणारी एक ग्रामपंचायत आहे, हे वाटसरूच्या ध्यानी येण्याचे काही कारण नसते. आपण मात्र वाटसरू नाही. म्हणून आज नाक्यावर थोडे थांबून आत वळावे, असा माझा विचार आहे.

पेण शहरापासून सुमारे सात-आठ किलोमीटरवर, पनवेलहून दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हे गाव वसले आहे. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक १७ होता, आता तो ६६ आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'मुंबई-गोवा रस्ता' हेच नाव आहे आणि तेच सोयीचेही आहे. येथून अलिबागकडे जो फाटा फुटतो तोही आता १६६-अ या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. जिल्ह्याचे ठाणे मात्र अलिबागेसच राहिले. त्यामुळे पनवेल, उरण, कर्जत, खालापूर, पेण या उत्तरेकडील तालुक्यांतील माणसाला रस्त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर वडखळवरून वळावेच लागते. शासनाच्या दरबारात जाणारी वाट ज्या गावावरून जाते, त्या गावाचे म्हणणे त्या दरबारात लवकर पोहोचत असेल, असा समज होणे साहजिक आहे. तसे घडतेच असे नाही.

रस्ता हा या गावाचा अलीकडचा सोबती. त्याच्या आधीची सोबत खाडीची. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी सुधागड तालुक्यातून, पुढे नागोठण्यावरून वाहत येते आणि धरमतरच्या खाडीत रूपांतर पावून समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते आत नागोठण्यापर्यंत जात. पेणसाठी अंतोऱ्याचे बंदर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून धरमतरला आगबोटी येऊ लागल्या आणि मुंबईत भात, मीठ, लाकूड पाठविणारा हा प्रदेश त्या शहराच्या अधिकच जवळ आला. त्या काळी माणसाचे वेळापत्रक ओहोटी-भरती ठरवीत असे. पुढे एस. टी. आली, पूल झाले, १९७३ मध्ये वाशीच्या खाडीवरील पुलाने मुंबई थेट पनवेलच्या दाराशी आणून ठेवली. आणि जी वर्दळ पाण्यावरून होत होती ती डांबरावरून होऊ लागली. खाडीचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी झाले, असे ज्याला वाटेल त्याने एकदा पावसाळ्यातील अमावास्येच्या उधाणाला या भागातील एखाद्या बांधावर उभे राहून पाहावे.

खारेपाट म्हणजे काय, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हे भाषण पुढे छापले जाणार असल्याने आणि ते देशावरील वाचकांच्याही हाती पडणार असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. पेण आणि अलिबाग तालुक्यांत खाडीच्या दोन्ही तीरांना जो सपाट प्रदेश पसरला आहे, त्याचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली किंवा तिच्या बरोबरीला आहे. ही जमीन निसर्गाने शेतीसाठी दिलेली नाही. ती माणसांनी खाडीकडून मागून घेतली आहे. चिखलाचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर अडवावयाचे, पावसाचे गोडे पाणी आत कोंडावयाचे, त्या पाण्यात जमिनीतील क्षार विरघळू द्यावयाचे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते खारट पाणी बाहेर सोडावयाचे. उघाडी म्हणजे बांधातील दार. पाणी बाहेर जाताना ते उघडते आणि भरती येऊ लागली की मिटते. शिकलेला स्थापत्य अभियंता ज्याला स्वयंचलित झडप म्हणेल, तिचे तत्त्व या प्रदेशातील निरक्षर शेतकऱ्याने केवळ निरीक्षणाने साधले होते. असे करता करता काही पावसाळ्यांनंतर जमीन भाताला योग्य होते. परंतु ती कायमची सुधारत नाही. उन्हाळा आला, माती तापली, की खालचे क्षार पुन्हा वर चढतात आणि मे महिन्यात शेतावर पांढरा थर दिसू लागतो. जूनच्या पावसाने ते पुन्हा धुवावे लागतात. म्हणजे खारेपाटातील शेतकरी आपली जमीन दर वर्षी नव्याने मिळवीत असतो.

या शेतीच्या पद्धतीही वेगळ्या. अनेक ठिकाणी रोपे करून लावणी न करता मोड आलेले बियाणे चिखलात फेकतात. त्याला रहू टाकणे म्हणतात. क्षारांना दाद न देणारे 'राता' नावाचे तांबड्या दाण्याचे भात या भागात पिढ्यान् पिढ्या पिकत आले. 'काळा राता' आणि 'भुरा राता' यांतून निवड करून तयार केलेल्या वाणांची नोंद कृषिशास्त्राच्या ग्रंथांत झाली आहे आणि क्षारसहिष्णु भाताच्या संशोधनात त्यांचा उल्लेख होतो. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने, जे आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आहे, पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे दिली. गावोगावच्या तळ्यांत आणि शेतांना लागून खोदलेल्या खड्ड्यांत वाढणारा जिताडा हा मासा या प्रदेशाचे दुसरे धन होय. जिताडा भेट देण्याचा रिवाज आणि त्या भेटीमागील हेतू यांविषयी अलिबागेच्या कचेऱ्यांत अनेक विनोद प्रचलित आहेत. एक शासकीय अधिकारी या नात्याने त्यांची पुनरुक्ती करणे मला शोभणार नाही.

आता बांधाविषयी. बांध कोणाचा, हा प्रश्न या प्रदेशाच्या इतिहासाचा कणा आहे आणि आजच्या माझ्या भाषणाचाही. मराठेशाहीत आणि त्यानंतरच्या इंग्रजी अमलात या भागात शिलोत्री नावाची जमीनधारणेची एक पद्धत होती. ज्याच्याकडे शिलोत्री, त्याने बाहेरचा, खाडीकडील मोठा बांध राखावयाचा. त्याबद्दल कसणाऱ्यांकडून ठरीव हक्काचे भात घ्यावयाचे. आतील लहान बांध कसणाऱ्यांनी राखावयाचे. कागदावर ही व्यवस्था न्याय्य दिसते. व्यवहारात हक्काचे भात वेळेवर वसूल होई आणि बाहेरचा बांध मात्र कुळांच्याच अंगमेहनतीवर उभा राही, अशी उदाहरणे थोडी नव्हती. याच मेहनतीतून 'जोळ' ही पद्धत रूढ झाली. एका बांधाच्या आत ज्यांची शेते, त्यांची एक जोळ. बांधाला खांड गेल्याची हाक आली की घरटी माणूस घमेले-फावडे घेऊन निघालाच पाहिजे. जो येणार नाही त्याला गावाचा शब्द ऐकावा लागे. यासाठी कोणताही कायदा नव्हता, ठराव नव्हता, सही-शिक्का नव्हता. गावच्या पंचायतीचा आरंभ आपण पुस्तकांत शोधतो. खारेपाटात तो बांधावर सापडतो.

धरमतरची खाडी ओलांडली की पलीकडे अलिबाग तालुका लागतो आणि पोयनाडजवळ चरी हे गाव आहे. तेथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी श्री. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस राहिली. माणसांनी जंगलातील लाकूडफाटा आणि खाडीतील मासळी यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या शेतकऱ्यांचा पक्ष घेतला आणि १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा ही पुढची पावले सर्वश्रुत आहेत. कसेल त्याची जमीन झाली. हा या भागातील सर्वांत मोठा बदल होय, आणि त्याचे मोल कोणत्याही रस्त्याहून किंवा कारखान्याहून अधिक आहे, असे माझे मत आहे.

तथापि त्या बदलाबरोबर एक प्रश्न उभा राहिला. जमीन कुळाची झाली, पण बाहेरचा बांध? पूर्वीच्या मालकाला त्यात रस उरला नाही, आणि एकर-दीड एकराच्या नव्या मालकाला मैलभर बांध झेपण्यासारखा नव्हता. शासनाने हे ओळखून १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यापाठोपाठ मंडळ स्थापन केले, आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आणला. पेण येथे खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे. बांधबंदिस्तीच्या योजना आखाव्यात, बांध घालावेत, उघाड्या बसवाव्यात, दुरुस्ती करावी, हे त्या खात्याचे काम झाले. हे आवश्यकच होते. पण बांध 'सरकारी' झाला आणि जोळ हळूहळू विस्कटली. पूर्वी लहान भोक दिसले की पहिला दिसेल तो माणूस तेथे चिखल थापी. आता ते भोक दिसले की अर्ज होतो, पाहणी होते, अंदाजपत्रक होते. आणि तोवर अमावास्या येते. ही कोणा एका कार्यालयाची उणीव सांगण्यासाठी मी बोलत नाही. पाण्याला वेळापत्रक आहे आणि कागदालाही वेळापत्रक आहे, आणि ही दोन्ही एकमेकांशी जुळलेली नाहीत, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

येथे आपल्यापासून फार दूर असलेल्या एका प्रदेशाचे उदाहरण देण्याचा मोह होतो. जर्मनीच्या उत्तरेस, समुद्रालगतच्या सखल भागात, शेकडो वर्षांपूर्वी आपल्यासारखेच बांध घालून शेती उभी राहिली. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा एक ठरावीक तुकडा सोपविलेला असे. ज्याला तो तुकडा राखणे अशक्य होई, तो आपले फावडे त्या बांधात रोवून निघून जाई. जो ते फावडे उपटील त्याला ती जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही त्याच्याच माथी येई. नियम कठोर होता, गरिबाला निर्दयही होता. त्याचे अनुकरण करावे असे मी सुचवीत नाही. पुढे त्या देशातही प्रत्येकाच्या स्वतंत्र तुकड्याऐवजी बांधाखालील सर्व जमीनधारकांचे कायदेशीर संघ झाले. ते वर्गणी घेतात, आणि बांधांची ठरलेल्या वेळी पाहणी होते. शासन पैसा देते, पण बांधाकडे पाहणारा डोळा स्थानिक माणसाचाच राहिला. आपल्याकडे शासनाचा पैसा आला आणि डोळा मिटला.

खांड गेल्यावर काय होते, ते आपण पाहिले आहे. एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते. ते पीक तर जातेच, पुढील दोन-तीन वर्षेही त्या जमिनीत भात नीट येत नाही. आणि खांड लवकर बांधली गेली नाही तर एक निराळीच अडचण उद्भवते. भरतीबरोबर कांदळवनाची बीजे येतात, चिखलात रुजतात आणि काही वर्षांत तेथे तिवरांची दाट झाडी उभी राहते. कांदळवन हे किनाऱ्याचे कवच आहे; मासळीची पैदास तेथे होते, लाटांचा मारा तेथे विरतो. त्याच्या संरक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून आदेश दिले आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड पूर्णपणे निषिद्ध ठरविली. निर्णय योग्यच आहे. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती लिहिलेली आहे आणि प्रत्यक्षात शेतात कांदळवन उभे आहे, त्या शेतकऱ्याची स्थिती विलक्षण होते. झाड तोडता येत नाही आणि भात पिकविता येत नाही. जमीन त्याची आहे, पण ती केवळ कागदावर. तात्पर्य एवढेच की खांड बुजविण्यास झालेला विलंब आता पूर्वीपेक्षा फार महाग पडतो. पूर्वी दहा वर्षांनी बांध घातला तरी जमीन परत मिळत असे. आता मिळेलच अशी खात्री नाही.

आता उद्योगाकडे वळू. वडखळच्या शेजारी डोलवी येथे १९९० च्या दशकात इस्पात समूहाचा लोखंड व पोलाद कारखाना उभा राहिला. धरमतरच्या खाडीचे पाणी आणि महामार्ग, दोन्ही एकाच ठिकाणी मिळणे ही त्या जागेची निवड होण्याची उघड कारणे होत. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने तो कारखाना ताब्यात घेण्याचा करार केला. त्याची वार्षिक क्षमता पुढे ५० लाख टनांपर्यंत आणि २०२१ मध्ये १ कोटी टनांपर्यंत वाढली. कच्चा माल जयगडसारख्या बंदरांतून लहान जहाजांनी व बार्जांनी धरमतरच्या धक्क्यावर येतो. ज्या खाडीतून एके काळी शिडाची गलबते भात घेऊन बाहेर जात, तिच्यातून आता खनिज आत येते. नोकऱ्या मिळाल्या, दुकाने वाढली, भाड्याच्या खोल्या झाल्या, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या वाहनांच्या रांगा, धूळ आणि बार्जांच्या लाटांमुळे बांधांना पोहोचणारा धक्का याविषयी शेतकरी व मच्छीमार यांच्या तक्रारीही वेळोवेळी झाल्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे. माहिती खात्याचा माणूस फक्त पहिले वाक्य बोलतो, असा लोकांचा समज आहे. म्हणून दुसरे मुद्दाम बोललो.

या ठिकाणी ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या अधिनियमानुसार चालतो. इमारतींवरील कर, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजारफी ही तिची मुख्य साधने. इमारतकराची आकारणी २०१५ अखेर झालेल्या नियमांनुसार भांडवली मूल्यावर होते. कारखान्याने स्वतंत्र करांऐवजी ग्रामपंचायतीशी ठरवून ठोक रक्कम द्यावी, अशीही तरतूद अधिनियमात आहे. यात एक साधी गोष्ट अशी की कर हद्दीने मिळतो. कारखान्याची इमारत ज्या गावच्या हद्दीत, कर त्या गावाला. ट्रकला मात्र हद्द दिसत नाही. कामगाराची खोली एका गावात, काम दुसऱ्या गावात, बाजार तिसऱ्या गावात आणि कचरा चौथ्या गावाच्या ओढ्यात, अशी परिस्थिती नाक्याच्या परिसरातील गावांत सहज निर्माण होते.

दक्षिण जर्मनीत बव्हेरिया नावाचे राज्य आहे. तेथे दोन हजारांहून अधिक स्वतंत्र ग्रामसंस्था आहेत आणि त्यांतील पुष्कळशा आपल्या मध्यम आकाराच्या खेड्याएवढ्याच. गावाचा प्रमुख लोक थेट निवडतात, सहा वर्षांसाठी. लहान गावी तो आपला नेहमीचा व्यवसाय सांभाळून हे काम करतो. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेने गावाला स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. त्यांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन म्हणजे उद्योगधंद्यांवरील कर. तो कारखान्याच्या भिंतींवर नसून धंद्याच्या नफ्यावर असतो आणि त्याचा दर ठरविण्याचा अधिकार, कायद्याच्या चौकटीत, ग्रामसभागृहाला असतो. धंदा वाढला की गावाचे उत्पन्न वाढते, मंदी आली की घटते. म्हणजे सुख आणि चिंता दोन्ही वाटून घेतलेली. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची. शेजारची काही लहान गावे मिळून एकच कार्यालय चालवितात. लेखनिक, हिशेब, दाखले सारे एकत्र. सभागृहे मात्र प्रत्येक गावाची निराळी राहतात. गाव विलीन होत नाही आणि खर्चही दुप्पट होत नाही. आपल्या अधिनियमातही दोन वा अधिक स्थानिक संस्थांनी संयुक्त समिती नेमण्याची सोय आहे. कचरा, पाणी, वाहनतळ आणि बांध या चार विषयांसाठी वडखळ व शेजारच्या ग्रामपंचायतींनी ही सोय वापरावी, याला कोणाच्या परवानगीपेक्षा परस्परांच्या विश्वासाची गरज अधिक आहे. सरपंचाची थेट निवड आपल्याकडे २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. तेव्हा निवडीच्या पद्धतीत बव्हेरिया आपल्यापासून दूर नाही. तिजोरीच्या बाबतीत मात्र दूर आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधलेली होती आणि ४० टक्के गावाच्या इच्छेवर सोडलेली होती. पाण्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. चारी बाजूंनी पाणी असूनही पिण्यास पाणी नाही, ही खारेपाटाची जुनी व्यथा. विहीर खोदावी तर पाणी मचूळ. शहापाड्याच्या धरणातून या भागाला पाणी दिले जाते. वाशी-शिर्कीकडील गावांतील बायकांना विचारले तर ते किती दिवसांआड येते हे त्या महिना-वार सांगतात. याच तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचे मोठे धरण आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईच्या परिसराला जाते. महानगराला पाणी मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या तालुक्याच्या डोंगरात ते साठते, त्या तालुक्यातील शेवटच्या गावाचा नळ कोरडा असेल तर ते पाहणाऱ्याच्या मनात कटुता येणारच.

हेटवण्याचे नाव निघाले की २००८ सालचे स्मरण होते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील जमिनी संपादन करण्याचा प्रस्ताव होता. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यावयाची की नाही, हे जमीनधारकांना मतपत्रिकेद्वारे विचारण्याचा हा प्रयोग देशात अपूर्व मानला गेला. कौल विरोधात गेला आणि तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. त्या घटनेकडे उद्योगास विरोध म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला ती वेगळी दिसते. ज्यांच्या आजोबांनी खाडीतून जमीन काढली आणि ज्यांच्या वडिलांनी सहा वर्षे नांगर न धरता ती आपली करून घेतली, त्यांना ती देण्यापूर्वी विचारणे भाग पडले, एवढाच त्याचा अर्थ. विचारण्याची पद्धत शासनाने स्वीकारली, हे शासनाच्याही लौकिकात भर घालणारे होते.

राहता राहिला रस्ता. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटर लांबीच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याने किती वर्षे घेतली हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको. त्या काळात गणेशोत्सवातील वडखळची कोंडी वर्तमानपत्रांचा ठरलेला विषय होऊन बसली. पुढे गावाबाहेरून वळणरस्ता झाला आणि गोव्याकडील वाहने नाक्यात न शिरता जाऊ लागली. शाळेतील मुलांना रस्ता ओलांडणे सोपे झाले, आणि नाक्यावरील हॉटेलवाल्याचे काही गिऱ्हाईक पुलावरून निघून गेले. दोन्ही खरे. अलिबागचा ओघ मात्र अद्याप याच वाटेने आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून सुटीच्या दिवशी त्याला अधिकच भर येते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी रो-रो बोट आहे, आणि रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. तो पूल झाला की उरणहून थेट अलिबाग तालुक्यात उतरता येईल. याचा अर्थ असा की नाका म्हणून वडखळचे जे महत्त्व आहे, ते आणखी काही वर्षांनी आज आहे तसेच राहील असे धरून चालता येणार नाही. आगबोट बंद झाली तेव्हा धरमतरचे जे झाले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे कळेल. ग्रामपंचायतीने आपला अर्थसंकल्प नाक्यावर उभा करावा की गावावर, याचा विचार पूल होण्याआधी झालेला बरा.

रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, बांध खारभूमी खात्याचा, खाडीतील वाहतूक सागरी मंडळाची, कांदळवन वनखात्याचे, कारखाना उद्योगखात्याच्या यादीतला. मग ग्रामपंचायतीच्या हाती काय उरते, असे आपल्यापैकी काहींनी मला सकाळी चहाच्या वेळी विचारले. उत्तर अगदी साध्या गोष्टीपासून सुरू करतो. आपल्या हद्दीतील प्रत्येक बांधाचा नकाशा, प्रत्येक उघाडीचा क्रमांक, तिचे दार शेवटचे केव्हा बदलले, कोठे खेकड्यांनी बांध पोखरला आहे, गेल्या पाच वर्षांत खांड कोठे कोठे गेली आणि ती किती दिवसांनी बांधली, याची एक वही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असावी. अशी वही ठेवण्यास कोणत्याही खात्याची मनाई नाही आणि तिला अनुदानही लागत नाही. तिच्यातील नोंदी करण्यासाठी गावातील वृद्ध शेतकऱ्यांना बांधावरून एकदा फिरवून आणावे. त्यांच्या स्मरणात जे आहे ते दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही. महिला सदस्यांनीही या फेरीत असावे. बांधाच्या कडेने रोज मासळीला जाणाऱ्या स्त्रियांना खचलेली जागा इतरांच्या आधी ठाऊक असते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्यात असा नियम आहे आणि प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी होतात. यांपैकी १५ ऑगस्टची सभा बांधाच्या कामाची नाही. तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. २६ जानेवारीच्या सभेत वही वाचून दाखवावी, ठराव करावा आणि त्याची प्रत खारभूमी विभागाच्या पेण येथील कार्यालयास, तहसीलदारांस व पंचायत समितीस त्याच आठवड्यात पोहोचती करावी, म्हणजे कोरड्या हंगामातील कामांच्या यादीत ती दुरुस्ती बसण्यास अवधी राहतो. १ मेच्या सभेत पुन्हा तेच पान उघडावे आणि काय झाले, काय राहिले हे विचारावे. त्या दिवसापासून पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या उधाणापर्यंत आपल्या हाती साधारण पाच-सहा आठवडे असतात.